मुलांना मित्राविषयी लिहू द्या

‘माझा मित्र’ हा निबंध शाळेत प्रत्येक मुलाला कधी ना कधी लिहावाच लागतो. त्या निबंधाची एक ठरीव घडण होऊन बसली आहे. मित्र नेहमी हुशार असतो, वर्गात पहिला येतो, वडीलधाऱ्यांचा मान राखतो, त्याचे अक्षर सुंदर असते, आणि असा हा मित्र मला फार आवडतो, या वाक्याने निबंध संपतो. हा निबंध त्या मित्राला वाचून दाखवला तर तो आपल्याविषयी आहे हे त्यालाही कळणार नाही. गुण मिळतात, वही मिटते आणि विषय संपतो. वाचकहो, आपल्या घरात ही वही उघडली जाते तेव्हा आपण काय करतो? बहुधा आपणच एकेक वाक्य सांगतो आणि मूल ते उतरवून घेते. घाई असते, दुसऱ्या दिवशी वही दाखवायची असते, आणि ‘असेच लिहायचे असते’ असे आपणही आपल्या लहानपणी शिकलेलो असतो.

ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, परंतु तशी ती नाही. ज्या मुलाचा मित्र वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, ते मूल ‘तो पहिला येतो’ असे लिहिते तेव्हा एक धडा नकळत गिरवला जातो. तो असा की, बोलण्यात खोटे बोलू नये, परंतु कागदावर मात्र खरे असण्याची गरज नसते. इस्लामी शिकवणीत लेखणीला जे स्थान आहे ते पाहता हा धडा आपल्या मुलांनी गिरवावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर हिरा गुहेत जो पहिला दिव्य संदेश अवतरला, त्या सूरह अलकच्या आरंभीच्या आयतींत वाचनाच्या आज्ञेसोबत लेखणीचा उल्लेख आहे. अल्लाहने मानवाला लेखणीद्वारे ज्ञान दिले, हे तेथे त्याच्या औदार्याची खूण म्हणून सांगितले आहे. पुढे एका संपूर्ण सूरहचे नावच ‘अल-कलम’ आहे आणि तिचा आरंभ लेखणीची व लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची शपथ घेऊन होतो. सूरह इन्फितारमध्ये प्रत्येक मनुष्यावर नेमलेल्या सन्माननीय लेखनिकांचा उल्लेख आहे, जे आपली कृत्ये जाणतात आणि नोंदवतात. म्हणजे आपण काही लिहीत असतो तेव्हा आपल्याविषयीही लिहिले जात असते.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी प्रेषितांकडून ऐकलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवत. काही लोकांनी त्यांना अडवले की, प्रेषितही कधी रागात असतात, कधी आनंदात, तेव्हा सारेच कसे लिहिता? त्यांनी लेखन थांबवले आणि ही गोष्ट प्रेषितांच्या कानी घातली. प्रेषितांनी आपल्या मुखाकडे बोट दाखवून त्यांना लिहीत राहण्यास सांगितले, कारण त्यातून सत्याखेरीज काही बाहेर पडत नव्हते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. त्या तरुणाच्या लेखसंग्रहाला पुढे ‘सहीफा-ए-सादिका’ म्हणजे सत्य लेख असे नाव पडले. ते सुंदर लेख किंवा मोठा लेख म्हणून ओळखले गेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता मैत्रीकडे वळू. मैत्री हा इस्लाममध्ये फावल्या वेळेचा विषय नाही. कयामतच्या दिवशी जिवलग मित्र एकमेकांचे वैरी होतील, अपवाद फक्त ईशभय बाळगणाऱ्यांचा, असे सूरह जुखरुफच्या ६७ व्या आयतीत सांगितले आहे. अल्लाहच्या छायेखेरीज दुसरी छाया नसेल त्या दिवशी ज्या सात प्रकारच्या लोकांना ती लाभेल, त्यांत केवळ अल्लाहसाठी एकमेकांवर प्रेम करणारे दोघेही आहेत. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नमाज, रोजा यांची तालीम आपण मुलांना सातव्या-आठव्या वर्षापासून देतो. मैत्रीची तालीम मात्र मूल रस्त्यावर, शाळेत, मोबाईलवर आपोआप घेईल असे गृहीत धरतो. मित्राविषयी खरेखुरे लिहायला लावणे हा त्या तालमीचा एक साधा आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. लिहिताना मूल थांबते, आठवते, तोलते. बोलण्याच्या ओघात ते घडत नाही.

एका मुलाने पाहिलेली मदीना

या बाबतीत आपल्याला एक उत्तम आदर्श उपलब्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा हजरत अनस बिन मालिक (रजि.) सुमारे दहा वर्षांचे होते. त्यांच्या मातोश्री हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी त्यांना प्रेषितांच्या सेवेत दिले आणि पुढील दहा वर्षे ते त्या घरात वावरले. दोन हजारांहून अधिक हदीसवचने त्यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. मैत्री, जिव्हाळा, शेजार यांविषयीच्या हदीसवचनांची नावे तपासत गेले की पुन्हा पुन्हा हेच नाव समोर येते. एका मुलाने माणसांना एकमेकांशी वागताना पाहिले, ते मनात ठेवले, आणि पुढे जगाला सांगितले. हेच हजरत अनस (रजि.) म्हातारपणी आपल्या मुलांना सांगत की ज्ञानाला लेखनाने बांधून ठेवा.

त्यांनी सांगितलेली हजरत जाहिर (रजि.) यांची हकिकत पाहा. जाहिर हे वाळवंटात राहणारे सहाबी. ते मदीनेला येत तेव्हा प्रेषितांसाठी रानातल्या वस्तू भेट म्हणून आणत आणि परत निघताना प्रेषित त्यांना शहरातील सामान बांधून देत. जाहिर आमचे रान आणि आम्ही त्याचे शहर, अशा आशयाचे प्रेषितांचे गमतीदार उद्गार होते. जाहिर दिसायला देखणे नव्हते. एकदा ते बाजारात आपला माल विकत उभे असताना प्रेषितांनी मागून येऊन त्यांना मिठी मारली. त्यांना दिसेना, कोण आहे, सोडा, असे ते म्हणू लागले. मग कोण आहे हे उमगताच त्यांनी आपली पाठ प्रेषितांच्या छातीशी अधिकच टेकवून धरली. या गुलामाला कोण विकत घेईल, असे प्रेषितांनी थट्टेने पुकारले. जाहिर म्हणाले, माझे मोल फार कमी येईल. त्यावर प्रेषितांनी त्यांना सांगितले की अल्लाहपाशी तुझे मोल कमी नाही.

या हकिकतीत मैत्रीची व्याख्या नाही. प्रेषित किती प्रेमळ होते हेही वेगळे सांगितलेले नाही. बाजार आहे, मिठी आहे, टेकवलेली पाठ आहे, आणि आपल्या रूपाविषयी मनात सल असलेला एक माणूस आहे. ऐकणाऱ्याला बाकी सारे आपोआप समजते. मुलांना लिहायला शिकवताना आपण ही रीत का घेऊ नये? ‘माझी मैत्रीण फार उदार आहे’ असे आपल्या मुलीकडून लिहून घेण्याऐवजी तिला विचारा की ती काय करते. कदाचित ती सांगेल, ‘ती दप्तरात दोन पेन्सिली ठेवते. एक तिची, एक माझ्यासाठी, कारण मी रोज विसरते.’ हेच तिला लिहू द्या. त्यात औदार्य हा शब्द नाही, पण औदार्य आहे; शिवाय तिच्या विसराळूपणाची प्रांजळ कबुलीही आहे. आपण मध्ये पडून त्यात ‘उदार’, ‘मनमिळाऊ’, ‘आदर्श’ असे शब्द घातले की ते पुन्हा पाठ्यपुस्तक होते.

प्रश्न कसा विचारावा, हेही प्रेषितांकडूनच शिकावे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो पक्षी मेला आणि मूल उदास बसले. प्रेषितांनी त्याला त्याच्या पक्ष्याचे काय झाले असे विचारले, तेही नावाशी यमक साधत, त्याला हसू यावे अशा रीतीने. एवढ्या मोठ्या समाजाची धुरा वाहणारा माणूस एका लहानग्याला त्याच्या पाखराविषयी विचारतो! आपण मात्र मुलांना विचारतो, ‘तुझा मित्र कसा आहे?’ याला ‘चांगला आहे’ याखेरीज उत्तर नसते. त्याऐवजी, आज मधल्या सुट्टीत तो कोठे बसला होता, त्याच्या घरात शिरताना प्रथम काय दिसते, डब्यातील कोणता पदार्थ तो तुला देतो आणि कोणता देत नाही, असे विचारून पाहा. उत्तर तोंडी आले की म्हणावे, ‘हेच लिही.’

मुलींच्या बाबतीत अजूनही काही घरांत लेखनाला गृहपाठापलीकडे महत्त्व दिले जात नाही, म्हणून येथे एक गोष्ट नमूद करतो. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफसा (रजि.) यांना लिहिणे शिकवले होते आणि प्रेषितांनी त्याचा उल्लेख पसंतीने केला आहे. एका स्त्रीने दुसरीला लेखन शिकवणे ही स्वतः मैत्रीचीच एक कृती होती.

दोन मित्रांचा पत्रव्यवहार

हिजरतनंतर प्रेषितांनी मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदीनेचे अन्सार यांच्यात बंधुत्वाच्या जोड्या लावून दिल्या. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ देऊन ती नाकारली, फक्त बाजाराची वाट विचारली, आणि त्या दिवशी थोडे सुकवलेले पनीर व तूप कमावून घरी परतले. ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहेच. देणाऱ्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याचा स्वाभिमान दोन्ही त्यात आहे. परंतु आपल्या विषयासाठी दुसरी जोडी अधिक मोलाची वाटते. ती इराणहून सत्याच्या शोधात आलेले हजरत सलमान फारसी (रजि.) आणि मदीनेचे हजरत अबू दरदा (रजि.) यांची.

सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले तेव्हा घरातील बाईंची अवस्था त्यांना विसकटलेली दिसली. विचारल्यावर कळले की अबू दरदा (रजि.) दिवसभर रोजा ठेवतात, रात्रभर नमाज पढतात, घरादाराकडे त्यांचे लक्षच नाही. जेवण वाढले गेले. यजमान म्हणाले, तुम्ही जेवा, माझा रोजा आहे. पाहुणे म्हणाले, तुम्ही जेवल्याखेरीज मी घास घेणार नाही. शेवटी दोघे जेवले. रात्री अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले की सलमान (रजि.) त्यांना झोपायला सांगत, पुन्हा उठले, पुन्हा झोपवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा मात्र त्यांनी स्वतः उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की पालनकर्त्याचा हक्क आहे, तसाच आपल्या शरीराचा आणि घरच्या माणसांचाही आहे. प्रेषितांपुढे ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला. बुखारींच्या संग्रहात ही हकिकत आहे.

पुढे हे दोन मित्र दुरावले. अबू दरदा (रजि.) शाममध्ये न्यायदानाचे काम पाहू लागले आणि सलमान (रजि.) इराकच्या बाजूला होते. तेव्हा अबू दरदा (रजि.) यांनी त्यांना पत्र लिहिले की पवित्र भूमीत निघून या. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये या पत्राचे उत्तर नोंदले आहे. सलमान (रजि.) यांनी कळवले की भूमी कोणाला पवित्र करत नाही, माणसाला त्याचे आचरण पवित्र करते. पुढे त्यांनी असेही लिहिले की, तुम्ही वैद्य झाला आहात असे ऐकतो. तुमच्या हातून लोक बरे होत असतील तर उत्तमच, पण नुसतेच वैद्य म्हणवत असाल तर कोणाचा जीव घेऊन बसू नका! वैद्य म्हणजे येथे न्यायाधीश. हे उत्तर मित्राला झोंबले नाही. उलट त्यानंतर अबू दरदा (रजि.) दोन पक्षकारांत निवाडा करीत आणि ती माणसे पाठ फिरवून निघाली की त्यांना परत बोलावून घेत, पुन्हा सांगा तुमची हकिकत, मी तर भोंदू वैद्य, असे म्हणत.

हे पत्र मी मुलांना आवर्जून सांगावे असे म्हणतो, कारण मित्राविषयी वा मित्राला लिहिणे म्हणजे केवळ स्तुती करणे ही समजूत त्याने मोडते. मोमिन हा मोमिनचा आरसा आहे या हदीसचा अर्थ या पत्रात प्रत्यक्ष दिसतो. आरसा डाग दाखवतो, पण ज्याचा त्यालाच दाखवतो. गावभर सांगत फिरत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतही अशा लेखनाचे दोन दाखले आहेत. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांना मुंबईत अटक झाली आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथून त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. पत्रे बाहेर पाठवण्याची सोय नव्हती. ती त्या वेळी मित्राला मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही मौलाना पहाटेचा चहा, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्या, निधन पावलेली पत्नी, असे सारे मित्राला सांगत राहिले. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तुरुंगातील चिमण्यांवर लिहिणे हे मोठ्या पुढाऱ्याला कमीपणाचे वाटले नाही. मग आपले मूल मित्राच्या कबुतरांवर लिहीत असेल तर ‘काहीतरी चांगले लिही’ असे म्हणण्याचे कारण नाही.

दुसरा दाखला त्याच्या आधीचा आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या आणि पुण्याच्या शाळेचा भार फातिमा यांच्यावर पडला होता. फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा त्यात एक उल्लेख आहे. उल्लेख अगदी ओझरता, पण आपल्या सहकारिणीच्या स्वभावाची इतकी नेमकी ओळख त्यात आहे की आज फातिमा शेख यांच्याविषयी बोलताना प्रत्येकाला त्याच ओळीचा आधार घ्यावा लागतो. मैत्रिणीविषयी खरे लिहिलेले एक वाक्य काय करू शकते, हे मुलांना यावरून दाखवता येईल.

या दुसऱ्या दाखल्याने एक नाजूक प्रश्नही समोर येतो. आपली मुले मराठी शाळांत, वस्त्यांत, मैदानांवर इतर धर्मीय मुलांसोबत वाढतात. मुलाने निबंधासाठी गणेश किंवा जोसेफ असे नाव निवडले की काही घरांत कपाळावर आठी उमटते. धर्माच्या बाबतीत ज्यांनी तुमच्याशी लढाई केली नाही आणि तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी सद्वर्तन व न्याय करण्यापासून अल्लाह रोखत नाही, असे सूरह मुम्तहिनाच्या ८ व्या आयतीत स्पष्ट आहे. हिजरतच्या त्या धोक्याच्या प्रवासात प्रेषितांनी आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी ज्या वाटाड्याच्या हाती आपल्या सांडण्या सोपवल्या, तो मुस्लिम नव्हता, पण विश्वासू होता. मुलाने आपल्या श्रद्धेवर ठाम राहावे ही आपली जबाबदारी आहे, आणि ती आपण पार पाडावी. परंतु मित्राचे नाव खोडून दुसरे लिहायला लावण्याने श्रद्धा दृढ होत नाही, फक्त मूल आपल्यापासून गोष्टी लपवू लागते. ईदच्या दिवशी मित्र घरी आला तेव्हा त्याला काय वाढले, त्याने नमाजविषयी काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे मुलाने लिहावे. आपल्या धर्माविषयी इतक्या सहज, इतक्या नेमके बोलण्याची संधी पुढे क्वचितच मिळते.

काय लिहू नये

लेखणी मोकळी सोडताना एक मर्यादा मात्र सांगावी लागते. सूरह हुजुरातच्या ११ आणि १२ या दोन आयतींत टिंगल करणे, दोष काढणे, वाईट टोपणनावांनी हाक मारणे, संशय घेणे, पाळत ठेवणे आणि गीबत म्हणजे पाठीमागे निंदा करणे, या साऱ्यांना मनाई आहे. मित्राविषयी लिहिणाऱ्या मुलाला या दोन आयती अर्थासह शिकवाव्यात. मित्राचे वडील दारू पितात, त्याची फी थकली आहे, तो रात्री अंधाराला घाबरतो, या गोष्टी खऱ्या असतील, पण त्या त्याने विश्वासाने सांगितलेल्या आहेत. खरे लिहावे याचा अर्थ सारेच लिहावे असा नव्हे.

येथेही हजरत अनस (रजि.) यांचेच बालपण मदतीला येते. मुलांत खेळत असताना प्रेषितांनी त्यांना एका कामाला पाठवले. घरी पोहोचायला उशीर झाला. आईने कारण विचारले, त्यांनी प्रेषितांच्या कामाला गेलो होतो एवढे सांगितले. कोणते काम, असे तिने विचारताच ते म्हणाले, ते गुपित आहे. तेव्हा त्या मातेने रागावणे दूरच, उलट प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस असे त्यांना बजावले. उम्मे सुलैम (रजि.) यांचे हे वागणे आपण सर्व आईवडिलांनी मनावर घ्यावे. मूल म्हणाले, ‘हे मला लिहायचे नाही, त्याने कोणाला सांगू नको म्हटले आहे,’ तर त्याचे कौतुक करावे. अर्थात एखाद्या मुलाला कोणी इजा करीत असेल, त्याच्या जिवाला वा अब्रूला धोका असेल, तर असे गुपित मोठ्यांपर्यंत पोहोचलेच पाहिजे. हा फरकही त्याला शांतपणे समजावून द्यावा.

मग मुलाची वही आपण वाचावी का? माझ्या मते चोरून वाचू नये. मूल शाळेत गेले असताना दप्तर उपसून वही काढणारे आईवडील पाळत ठेवण्याच्या मनाईला स्वतःच्या घरातच विसरतात. ‘मला वाचून दाखवशील का?’ असे विचारावे. नाही म्हणाले तर दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

भांडण झाले की मुलाला लिहायला बसवणे फार उपयोगी ठरते. रागात ते मित्राला वाटेल ते लिहील. लिहू द्यावे, पण तो कागद घरातच ठेवावा, फोनवरून कोणालाही पाठवू नये; मुलांच्या हाती आज फोन आहे आणि रागाचे चार शब्द क्षणात सगळ्या वर्गात फिरतात. दुसऱ्या दिवशी त्याच भांडणाची हकिकत मित्राच्या बाजूने लिहायला सांगावी. हे अवघड असते आणि काही मुले पहिल्या दोन ओळींतच अडतात, पण अडणे हीच खरी सुरुवात. तीन दिवसांहून अधिक काळ भावाशी अबोला धरणे मुस्लिमासाठी योग्य नाही आणि जो आधी सलाम करतो तो दोघांत श्रेष्ठ, ही हदीस त्याला या वेळी सांगितली तर लागू पडते. एरवी ती पाठांतरात राहते.

संगतीची पारखही लेखनातून होते. कस्तुरी विकणारा आणि लोहाराचा भाता फुंकणारा यांचा हदीसमधील दाखला सर्वांना माहीत आहे. एकाजवळ बसले तर निदान सुगंध मिळतो, दुसऱ्याजवळ कपडे जळतात किंवा धूर तरी नाकात जातो. ‘त्या मुलासोबत राहू नकोस’ हे आपण दहा वेळा सांगतो आणि अकराव्या वेळी मूल ऐकणे सोडते. त्याऐवजी आठवडाभर रोज दोन ओळी लिहून घ्याव्यात, त्याच्यासोबत असताना आज मी काय केले. मित्राविषयी नव्हे, स्वतःविषयी. दोन वेळा असरची नमाज चुकली, एकदा आईशी खोटे बोललो, एकदा कोणाला तरी चिडवले, असे स्वतःच्याच अक्षरात समोर आले की मोठी मुले तरी विचार करू लागतात. सूरह फुरकानमध्ये अमक्याला मित्र केले नसते तर बरे झाले असते, अशी खंत करत हात चावणाऱ्या माणसाचे चित्र आहे. तेथवर पोहोचण्याआधीच त्याला हे दिसावे.

भाषेविषयी थोडेसे. घरात दखनी किंवा उर्दू, कोकणात तिकडची बोली, शाळेत मराठी, अशी आपल्या मुलांची स्थिती असते. मित्राशी ज्या भाषेत भांडण होते, त्याच भाषेचे शब्द लेखनात येणार. ‘दोस्त’, ‘सहेली’, ‘खाला’ हे शब्द मराठी वाक्यात आले तर लाल शाईने खोडू नयेत. ऱ्हस्व-दीर्घ नंतर सुधारता येते.

लिहून झालेले मित्रापर्यंत पोहोचावे, हे मात्र विसरू नये. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषितांजवळ एक गृहस्थ बसलेले असताना समोरून दुसरा एक जण गेला. बसलेले गृहस्थ म्हणाले की मला या माणसाविषयी प्रेम वाटते. प्रेषितांनी विचारले की त्याला तसे सांगितले आहे का. नाही म्हणताच त्यांनी सांगून येण्यास सांगितले. ते गृहस्थ उठले, त्याला गाठले आणि अल्लाहसाठी मला तुमच्याविषयी प्रेम वाटते असे सांगितले. ज्याच्यासाठी प्रेम करता तो तुमच्यावर प्रेम करो, अशी दुआ त्यांना मिळाली. मित्राचे वडील नोकरीनिमित्त आखाती देशात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात गेले असतील तर पान पाकिटात घालून पाठवावे. शेजारच्या गल्लीत असेल तर हातात द्यावे.

शेवटी अशा मुलांचा विचार करायला हवा ज्यांच्याकडे या विषयावर लिहायला कोणीच नसते. नवी शाळा, बदललेले गाव, अडखळती वाणी, शारीरिक व्यंग, कारणे काहीही असोत. कोरा कागद समोर घेऊन बसलेले असे मूल एखादा काल्पनिक मित्र रचून पान भरते आणि आपल्याला ते कळतही नाही. हजरत जुलैबीब (रजि.) हे लोकांच्या खिजगणतीत नसलेले सहाबी होते. एका लढाईनंतर प्रेषितांनी विचारले, कोण कोण दिसत नाही? लोकांनी नावे घेतली. पुन्हा विचारले, पुन्हा नावे आली. तिसऱ्यांदा कोणी उरले नाही असे लोक म्हणाले, तेव्हा प्रेषित म्हणाले की मला जुलैबीब दिसत नाही. शोध घेतला तेव्हा ते शहीद झालेले आढळले. प्रेषितांनी तो आपला आहे आणि आपण त्याचे आहोत असे म्हणत त्यांना आपल्या बाहूंवर उचलले आणि कबर खणून होईपर्यंत बाहूंवरच धरून ठेवले.

आपल्या मुलाला किंवा मुलीला ही हकिकत सांगा आणि वर्गात मधल्या सुट्टीत एकटे कोण बसते ते पाहून लिहायला सांगा. आपलेच मूल एकटे बसणारे असेल तर निबंध काही दिवस बाजूला ठेवावा, आणि येत्या रविवारी शेजारच्या किंवा मशिदीत भेटणाऱ्या एखाद्या कुटुंबाला मुलांसह जेवायला बोलवावे.